थोरल्या साडूंचं ऑपरेशन

माझे थोरले साडू ज्या वस्तूवर एकदा बसले, ती वस्तू जन्मात पुन्हा सरळ उभी राहिली नाही. हे मी चेष्टेनं सांगत नाही, आमच्या कोरेगावच्या घरात त्याचे पुरावे आहेत. सासऱ्यांनी लग्नात दिलेल्या दोन खुर्च्यांपैकी एक आजही डावीकडे कलते आणि दुसरीचे पाय गेल्यामुळे आम्ही ती पाट म्हणून वापरतो. माजघरातली बाज त्यांच्या एका दिवाळीत खाली गेली ती गेलीच. साडू सांगलीहून आगगाडीनं यायचे. टांगेवाला त्यांना मागं बसवायचा नाही, कारण घोडा पुढून वर उचलला जायचा. मग ते पुढं बसायचे आणि टांगेवाला लगाम धरून चालत यायचा. ती मिरवणूक कोपऱ्यावर दिसली की माझी बायको आत ओरडायची, "दाजी आलं हो!" त्या ओरडण्यात आनंद किती आणि खुर्चीची काळजी किती, ते मला कधी कळलं नाही. दाजी मात्र बसण्याआधी खुर्चीच्या पाठीवर तळहात दाबून बघायचे आणि विचारायचे, "मास्तर, ही धरंल का?" मी म्हणायचो, "धरेल की." यावर ते माझ्याकडे असं बघायचे, की जणू मी त्यांना ओली हळद वाळलेली म्हणून विकतोय. मग जमिनीवर सतरंजी घालायला सांगायचे आणि वर म्हणायचे, "जिमिनीवरनं खाली पडाय हुत न्हाई, तेवढं एक बरं."

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. ह्या बहिणीला आम्ही सगळे आक्का म्हणतो. साडूंची सांगलीच्या बाजारात हळदीची अडत होती. आता ज्यांनी हळदीचा सौदा बघितलेला नाही त्यांना सांगायला हवं, की तो तोंडानं होत नसे. विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात एका रुमालाखाली जायचा आणि आत बोटं दाबून भाव ठरायचा. एक बोट धरलं की एक, सबंध पंजा धरला की पाच, अशी ती भाषा. भोवती पन्नास माणसं माना उंचावून उभी असली तरी रुमालाखाली काय चाललंय याचा कुणाला पत्ता लागायचा नाही. तीस वर्षं हा उद्योग केल्यामुळं साडूंची अशी पक्की समजूत झाली होती, की माणूस तोंडानं आकडा सांगतो तेव्हा खोटं बोलतो आणि बोटं दाबतो तेव्हाच खरं बोलतो. ही समजूत ते बाजारातच ठेवून आले असते तर काही तक्रार नव्हती. पण माझ्या लग्नाच्या मांडवात, ओळख होऊन पाच मिनिटं झाली नव्हती, तोवर त्यांनी मला वय विचारलं. मी म्हणालो, पंचवीस. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या हातावर टाकलं आणि आत हात घालून म्हणाले, "हं, आता सांगा." काय झालं कोण जाणे, मला दरदरून घाम फुटला आणि मी मुकाट्यानं आधी दोन बोटं दाबली, मग सबंध पंजा आणि वर तीन. मुलीकडच्यांना आम्ही तीन वर्षं कमी सांगितली होती. साडूंनी उपरणं पुन्हा खांद्यावर टाकलं, मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "बाजारातलं बाजारातच ऱ्हातंय, मास्तर." खरोखरच राहिलं. माझ्या बायकोला ते आजतागायत ठाऊक नाही, आणि आता तिनं हे वाचलं तर जे व्हायचं ते होईल.

बोटांपेक्षाही त्यांचा भरवसा तळहातावर असे. ते म्हणायचे, "बोटं एकांद्या वक्ताला फशिवत्याली, तळहात न्हाई. गरज आसली की हात तापतो. लबाडी आसली की हात कोरडा ठणठणीत. आन् मानूस भ्याला की भिजतो." ह्या शास्त्राच्या जोरावर त्यांनी आमच्या नात्यातली दोन लग्नं जमवली आणि एक मोडलं. जावयाचा हात हातात घेऊन ते इतका वेळ बसायचे, की तो बिचारा शेवटी दुसऱ्या हातानं चहा प्यायचा.

वजन किती होतं म्हणाल, तर एकदा हमालांनी हट्टानं त्यांना बाजारातल्या पोत्यांच्या काट्यावर चढवलं होतं. एकशे अठ्ठावन्न किलो भरले. साडूंनी शांतपणे चपला काढल्या, धोतराचा सोगा वर धरला आणि म्हणाले, "बारदान वजा करा की रं!" सगळा बाजार हसला. तेही हसले. लोक त्यांना हसायच्या आत ते स्वतःच हसून घेत, अशी त्यांची रीत होती. मला ती रीत फार उशिरा कळली.

आणि खाण्याबद्दल म्हणाल तर मला राग येतो, तो आधी सांगून टाकतो. जो तो त्यांना सांगायचा, "कमी खावा." वाटेवरचा माणूस, गाडीतला शेजारी, ज्याच्या स्वतःच्या दारात सकाळ-संध्याकाळ भजी तळली जातात तो हॉटेलवालासुद्धा! मी त्यांच्या पंगतीला शंभरदा बसलोय. दोन भाकरी, कालवण, ताक. मी तेवढंच खातो आणि माझ्या अंगावर शर्ट हँगरला लावल्यासारखा लोंबतो. बहात्तरच्या दुष्काळात तर लाजेनं ते अर्ध्या भाकरीवर आले होते. गावोगावची माणसं खडी फोडायला जातायत आणि आपण असं पोट घेऊन कसं हिंडायचं, असं त्यांना व्हायचं. त्या वर्षी सगळा जिल्हा वाळला आणि साडू चार किलोंनी वाढले. लिंबू-मध झालं, वावडिंगाचं पाणी झालं, औंधच्या यमाईला चालत जाण्याचा नवस झाला, तो पहिल्या चढालाच राहिला. कुणीतरी सांगितलं म्हणून सकाळी उठून हरिपूरपर्यंत चालायला लागले. तिथं हळदीची पेवं आहेत, जमिनीत खणलेली खोल कोठारं. तरुणपणी साडू त्या पेवांत उतरायचे. पेवाचं तोंड एक सडपातळ माणूस जेमतेम जाईल एवढं असतं, आणि त्या काळी सबंध बाजारात सर्रकन आत जाणारे म्हणून साडूंचं नाव होतं, यावर तुमचा विश्वास बसो न बसो. आता ते चालत जाऊन पेवाच्या तोंडाशी बसायचे आणि परतीला बैलगाडी बघायचे. "मास्तर," एकदा मला म्हणाले, "मानसाला वर जायची हौस आसती. मला निस्तं एकदा खाली उतरायचं हाय." मी हसलो. मला वाटलं, नेहमीप्रमाणं हसायचंच आहे.

पण हसू पळायचं ते दुपारी. जेवण झालं की साडू लोडाला टेकून झोपायचे. आधी घोरणं सुरू व्हायचं, ते शेजारच्या आळीत ऐकू जायचं. मग ते वाढत वाढत जायचं आणि एकदम थांबायचं. नुसतं घोरणं नव्हे, श्वासच थांबायचा. घर गप्प व्हायचं. चेहरा काळानिळा व्हायला लागायचा. मी मनातल्या मनात आकडे मोजायचो, दहा, बारा, पंधरा. आक्का शेजारी पंखा घेऊन बसलेली असायची. तिचा एक हात कायम त्यांच्या पोटावर. पोट हलायचं थांबलं की ती त्यांना कोपरानं ढोसायची, आणि साडू बुडता माणूस वर यावा तसा मोठा आवाज करून श्वास घ्यायचे, कूस बदलायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. दिवसा हे, रात्रीही हेच. एकदा मी आक्काला विचारलं, "तुम्ही झोपता कधी?" ती म्हणाली, "ते बाजारला गेलं म्हंजी. पर तवाबी हात हलतोच माझा." सहा वर्षं त्या बाईनं सलग झोप बघितली नव्हती. त्यांचा एकुलता एक मुलगा फौजेत, सरहद्दीवर. बाकी घरात त्या दोघांशिवाय कुणी नाही.

पुढं पुढं साडू बसल्याजागी झोपायला लागले. रुमालाखाली हात असताना डोळा लागायचा, आणि समोरचा व्यापारी भाव कळेना म्हणून ताटकळत बसायचा. पायांना सूज आली. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हृदय थकलंय. असंच चाललं तर दोन वर्षं, फार तर तीन." आणि त्यांनीच त्या नव्या सर्जनचं नाव सुचवलं. हा तरुण सर्जन विलायतेत शिकून परत आला होता आणि सांगलीत त्यानं छोटा दवाखाना काढला होता. त्याच्याकडं म्हणे लठ्ठपणावर ऑपरेशन होतं.

लठ्ठपणावर ऑपरेशन! आम्ही हे असलं कधी ऐकलं नव्हतं. अपेंडिक्सचं ऐकलं होतं, मोतीबिंदूचं ऐकलं होतं. माझ्या बायकोला वाटलं, चरबी कापून काढतात, कसायासारखी. तिनं दोन दिवस जेवण सोडलं. मी शाळेत शास्त्र शिकवतो, म्हणून मला धाडलं समजून घ्यायला. सर्जननं कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटातलं आतडं लांबच लांब असतं, त्यातला बराचसा भाग बाजूला ठेवून वरचं टोक खालच्या टोकाला जोडायचं. अन्न मधली वाट सोडून जवळच्या वाटेनं जातं, म्हणून अंगी कमी लागतं. पुढं जन्मभर जुलाब, अशक्तपणा, यकृताचा त्रास, यातलं काहीही होऊ शकतं, हेही त्यानं लपवलं नाही. चित्र सुबक होतं. मी वर्गात फळ्यावर आतड्याचं चित्र शेकडो वेळा काढलंय, पण ते माझ्या साडूंचं आहे असं मनात आणून कधी काढलं नव्हतं. मला बाहेर येऊन पायरीवर बसावं लागलं.

आठ दिवसांनी साडूंना घेऊन गेलो. सर्जन सगळं पुन्हा समजावून म्हणाला, "धोका आहे, पण फार नाही." साडूंनी खांद्यावरचं उपरणं काढलं. पुढं काय होणार ते मला ठाऊक होतं. उपरणं त्या विलायतेच्या डॉक्टरच्या हातावर पडलं, आणि साडू आत हात घालून म्हणाले, "दहातली किती मानसं टेबलावरच ऱ्हात्यात, तेवढी बोटं दाबा." डॉक्टर आधी हसला. माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. मग त्याचं हसू हळूहळू गेलं. उपरण्याखाली काय झालं ते मला दिसलं नाही. शेवटी डॉक्टर हात न काढताच हलक्या आवाजात म्हणाला, "काका, खरं सांगू का? मी हे ऑपरेशन तिकडं चार वेळा शेजारी उभं राहून बघितलंय. पोटाची दुसरी ऑपरेशनं पुष्कळ केली. हे मात्र स्वतः अजून केलेलं नाही."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "संपलं. चला घरी." साडू दवाखान्याच्या कट्ट्यावर बसले होते. कट्टा दगडी होता म्हणून निश्चिंत होते. म्हणाले, "एक बोट दाबलं त्यानं. दहात एक."

"आणि त्यानं कधी केलेलं नाही म्हणतो!"

"व्हय. आन् हात वला चिंब हुता पोराचा. मास्तर, ह्याच्याकडनंच करायचं."

मला वाटलं, श्वास कोंडून कोंडून ह्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी तसं तोंडावर म्हणालो. ते म्हणाले, "तीस वर्सं हात धरतोय मी. कोरड्या हाताच्या मानसानं मला चारदा बुडिवलं. भिजलेल्या हाताचा मानूस कवा फशिवत न्हाई. भ्यालाय, म्हंजी जपून कापंल." मी डोकं धरलं. हळद घेताना हे ठीक आहे हो, पण पोट कापून घेताना? मी तासभर भांडलो. शेवटी ते म्हणाले, "मला मरनाचं काय न्हाई, मास्तर. मला तिची झोप परत द्यायची हाय. सा वर्सं ती माझ्या पोटावर हात ठिवून बसलीया. आवं, मी मेलो तरी झोपंल, आन् जगलो तरी झोपंल. आसंच ऱ्हायलो तर मातूर ती माझ्या आदी जाईल."

भरतीचा दिवस ठरला. मी रजा टाकली. कोरेगावहून निघताना माझ्या बायकोनं माझ्या खिशात अंगारा घातला आणि मी, शास्त्राचा मास्तर, तो काढला नाही. दवाखान्यात दोन कॉट दोऱ्यांनी एकत्र बांधून त्यांच्यावर साडूंना निजवलं होतं. कुठलाच अंगरखा पुरेना म्हणून नर्सनं दोन चादरी टाचून त्यांच्यासाठी एक वस्त्र केलं होतं आणि ते त्यात एखाद्या जत्रेतल्या मोठ्या मूर्तीसारखे दिसत होते. पोट भादरलेलं. "न्हाव्यानं जोखून इचारलं, एका गिऱ्हाइकाचं घिऊ का दोगांचं," असं म्हणून त्यांनी नर्सला हसवलं. सकाळचे नऊ वाजले होते. अकराला ऑपरेशन.

मग तो कागद आला. छापील होता. ऑपरेशनमध्ये किंवा नंतर काही बरंवाईट झाल्यास आमची तक्रार नाही, खाली नातेवाइकाची सही. साडूंनी आपली केली होती. आक्काला लिहिता येत नव्हतं, तिनं अंगठाही दिला नाही. ती म्हणाली, "मास्तर शिकल्यालं हायती. मुलगा हितं न्हाई. त्यांनी वाचावं आन् त्यांनी करावी. ते करत्याल ते मला कबूल." एवढं म्हणून ती खाली आवारातल्या पारावर जाऊन बसली. मी कागद वाचला. पुन्हा वाचला. सवयीप्रमाणं एक शुद्धलेखनाची चूकही काढली. पेन उघडलं. पेन चालत होतं, मी कोपऱ्यात रेघ मारून बघितली. पण सही करायची म्हटलं की त्या कागदावर मला ते चित्रच दिसायला लागलं, ते आतडं, आणि त्यापुढं आक्काचा चेहरा. मी सही करायची आणि दुपारी तिला खाली जाऊन सांगायचं? दहात एक. नऊ मला दिसेनात, एकच दिसायला लागला. आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते आठवलं की अजून मान वर होत नाही. मी म्हणालो, "पाव्हणं, आज अमावस्या आहे. पुढच्या आठवड्यात बघू." अमावस्या! शकुन-अपशकुन मानणाऱ्या पोरांना बाकावर उभं करणारा मी! आणि अमावस्या होती दुसऱ्या दिवशी.

साडूंनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी त्या शिवलेल्या चादरीखालून हात पुढं केला आणि माझा हात आत ओढून घेतला. माझा हात नुसता पाण्यात बुडवून काढल्यासारखा झाला होता. त्यांनी तो तसाच धरून ठेवला. मग हळू म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मास्तर. ह्या हातानं सई करू नगासा. काय झालं, तर तुमी जलमभर जेवायचा न्हाई." मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी ऐकलं नाही. तेवढ्यात सर्जन आत आला, आणि साडू सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असे ओरडले, "डाक्टर! मला लय भ्या वाटाय लागलंय! मी घरला चाललो!" आणि उठूनच बसले. दोऱ्या करकरल्या. डॉक्टर म्हणाला, "काका, असं काय करता?" पण त्याचा चेहराही असा सैलावला, की मला दिसलं. तो कागद त्यानं माझ्या हातातून घाईनं काढून घेतला. साडू मात्र एकटेच, धोतर नेसता नेसता, भिंतीकडं तोंड करून थोडा वेळ उभे राहिले.

त्यानंतर सांगलीच्या बाजाराला सोन्यासारखा विषय मिळाला. हळदीचा अडत्या ऑपरेशन टेबलावरून पळाला! आणि हे पसरवलं कुणी, तर साडूंनी स्वतः. दर खेपेला त्यात भर पडायची. आधी ते नुसते उठून आले होते, मग चादरीसकट धावले, मग दवाखान्याच्या भिंतीवरून उडी मारली आणि भिंत पडली, मग टांग्यात बसले आणि घोडाच डॉक्टरच्या अंगावर गेला. लग्नाच्या पंगतीत लोक आग्रह धरायचे, "ते ऑपरेशनचं सांगा की!" आणि साडू चेहरा भ्यालेला करून, हात थरथरवून सांगायचे. लोक पोट धरून हसायचे. "एवढं मोठं धूड आन् सुईला भ्यालं!" मीही त्या पंगतीत असायचो. मीही हसायचो. मोठ्यानं हसायचो, कारण नाही हसलो तर कुणाला तरी कळेल अशी मला धास्ती वाटायची. एकदाही त्यांनी माझ्याकडं बघून डोळा मिचकावला नाही, की एकांतात विषय काढला नाही. मी दोनदा म्हणालो, पुन्हा जाऊ या, आता मी सही करतो. पहिल्यांदा म्हणाले, हळदीचा हंगाम होऊ दे. दुसऱ्यांदा कळलं, तो सर्जन मुंबईला गेला.

त्यानंतर दीड वर्षानं ते गेले. दुपारीच. आक्का शेजारी बसली होती, पोटावर हात होता, आणि तिचा डोळा लागला. केवढा वेळ, तर घटकाभर. जागी झाली तेव्हा हाताखाली काही हलत नव्हतं. मी पोहोचलो तेव्हा ती एकच वाक्य बोलत होती, "माझा डोळा लागला. माझा डोळा लागला." मी तिच्यासमोर बसलो होतो. दोष कुणाचा ते मला ठाऊक होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. तेराव्याला कुणीतरी पळून आल्याची गोष्ट काढली. माणसं रडता रडता हसली. मी उठून मागच्या दारी गेलो.

त्याला आता तीन वर्षं होतील. गेल्या महिन्यात मी सांगलीला गेलो आणि आक्काला सगळं सांगून टाकलं. कागद, अमावस्या, हात, सगळं. ती शेंगा फोडत बसली होती. तिनं शेंगा फोडणं थांबवलं नाही. मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढणार, आणि काढलं असतं तर बरंच झालं असतं. मग म्हणाली, "त्या दिशी पारावर बसून मी काय मागत हुते, ठावं हाय? मास्तरच्या हातनं सई हू नये, एवढंच. मी अंगठा दिला न्हाई तो का दिला न्हाई? मला द्याया येत नव्हता व्हय अंगठा? तुमच्यावर ढकललं मी." तिनं सुपातली टरफलं पाखडली. "तुमी भ्यालासा. मी भ्याले. त्यो डाक्टर भ्यालता. ते एकलं न्हाई भ्यालं, आन् समदा बाजार त्येंनाच हसला."

मी म्हणालो, "आक्का, मी काय करू आता?"

"बाजारात जाऊन सांगा. मानसं हायती अजून."

निघताना मी बाजाराकडूनच गेलो. ओळखीची दोन दुकानं उघडी होती. ज्यांनी ती गोष्ट साडूंकडून सगळ्यांत जास्त वेळा सांगवून घेतली ते गृहस्थ बाहेरच खुर्ची टाकून बसले होते, आणि मला बघून म्हणाले, "या मास्तर! तुमचं साडू म्हंजी काय मानूस, आँ? काय पळालं हुतं!" मी चहा घेतला. चहा पिऊन गाडी गाठली. तिथं उभं राहून बोलायचा धीर मला झाला नाही, म्हणून घरी येऊन हे लिहायला बसलो. माझे थोरले साडू पळाले नव्हते. ते पोट भादरून, सही करून, तयार होऊन निजले होते, आणि त्यांना उठवलं ते मी.